जंतरपट्टीचं शेवटचं भोक

नानांची जंतरपट्टी आता माझ्याकडे आहे. वीतभर लांब, तीन बोटं रुंद पोलादी पट्टी आणि तिच्यात ओळीनं पाडलेली भोकं. पहिल्या भोकातून ज्वारीचा दाणा जाईल. शेवटचं भोक सहज दिसत नाही. पट्टी दारातल्या उन्हासमोर धरली की तिथं सुईच्या टोकाएवढा उजेड चमकतो. बोदवडच्या बाजारपेठेत आमचं सोनाराचं दुकान होतं. नाना म्हणजे माझे आजोबा. शाळा सुटली की मी दुकानात येऊन बसायचो आणि त्यांना तार ओढताना बघायचो.

आधी सोन्याची बारीक कांब ठोकून घ्यायची. तिचं एक टोक कानशीनं निमुळतं करायचं, मेण लावायचं, ते टोक भोकातून पलीकडे काढायचं, सांडशीत धरायचं आणि एका दमात ओढायचं. मग पुढचं भोक. दोन-चार भोकं झाली की तार ताठर होते. तेव्हा ती बागेसरीवर, म्हणजे सोनाराच्या शेगडीवर, लाल करायची, गार होऊ द्यायची, की पुन्हा मऊ. नथीची तार, मण्यांची तार, गोफ विणायची तार, सगळ्यांची वाट याच पट्टीतून जायची. मी मधेच हात घालायला गेलो की नाना म्हणायचे, "घाई कशाची करू राह्यला? तार मधे तुटत नाही पोरा, भोकाच्या तोंडाशी तुटते."

हे वाक्य मी पुढं तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवताना पुन्हा पुन्हा आठवलं. ते किती दूरवर पोचतं, हे मात्र मला फार उशिरा कळलं. म्हणून हा लेख.

आमच्या भागाला तारेचा धंदा नवा नव्हता. बोदवडहून निघून मुक्ताईनगरावरून पूर्णा ओलांडली की इच्छापूर आणि पुढं बऱ्हाणपूर. आज मधे राज्याची सीमा आहे. पण फारुकी सुलतानांच्या काळापासून बऱ्हाणपूर ही खानदेशाची राजधानी होती. अकबरानं १६०१मध्ये अशीरगड घेतला, खानदेश मुघलांचा सुभा झाला आणि बऱ्हाणपुरात दरबारी माणसांची, फौजेची, सावकारांची गर्दी झाली. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५मध्ये इथं आला होता. मुमताज महलनं १६३१मध्ये इथंच प्राण सोडला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याच वाटेनं गेला. इथली सोन्या-चांदीच्या पट्ट्यांची तलम कापडं इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, कैरोपर्यंत जातात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे.

त्या पट्ट्या म्हणजे तार. चांदीची जाड कांब घ्यायची, तिच्यावर सोन्याचा पत्रा चढवायचा, तापवून घोटून तो चांदीशी एकजीव करायचा आणि मग कांब भोकाभोकातून ओढत न्यायची. इथं धातू फार देखणा वागतो. चांदी जितकी ताणली जाते तितकंच तिच्यावरचं सोनंही ताणलं जातं. तार केसासारखी झाली तरी सोन्याची साल फाटत नाही, फक्त पातळ होत जाते. ही तार ठोकून चपटी केली की तिचा बदला होतो आणि बदला रेशमाच्या धाग्यावर गुंडाळला की कलाबतू. तार ओढणारे वेगळे, चपटी करणारे वेगळे, गुंडाळणारे वेगळे. गल्ल्याच्या गल्ल्या या कामावर जगत.

मुघल दरबार गेला तसं गिऱ्हाईक गेलं. पुढं युरोपातली कारखान्यातली जर आली, मग सुरतेची यंत्रावरची जर आली आणि बऱ्हाणपूरचे तारकस विरत गेले. पण हात गेले तरी रीत उरते. खानदेशातल्या सोनारांच्या घरांत जंतरपट्टी राहिली आणि तिच्यासोबत तार बारीक करण्याची ओढही राहिली.

नानांना मोजायची हौस होती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो. कॉलेजात गेल्यावर मी एकदा त्यांना हिशेब करून दाखवला: एक तोळा शुद्ध सोन्याची मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी जाड तार काढली, तर ती सत्त्याहत्तर मीटर भरेल. जाडी अर्धी केली की लांबी चौपट. "आणि त्याच्याहून बारीक?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, भोक मिळेल तोवर. ते हसले नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं.

तोवर दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. जानेवारी १९६३मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. चौदा कॅरेटमध्ये तांब्या-चांदीची भेसळ इतकी की तार दोन भोकांतच ताठर व्हायची. नाना ती पुन्हा पुन्हा लाल करायचे आणि ती पुन्हा पुन्हा तोंडाशी तुटायची. देशभरातल्या सोनारांची चूल त्या वर्षात विझली, कित्येकांनी जीव दिला. शुद्धतेची ती अट पुढं सुटली, पण १९६८मध्ये कायदा झाला आणि तो थेट १९९०मध्ये उठला. तोवर आमच्याकडचे हातच बदलले होते. नानांनी जंतरपट्टी तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. वडील जिनिंग-प्रेसिंगमध्ये मुकादम झाले आणि मी विज्ञान शिकलो.

वर्गात मी ओहमचा नियम शिकवायला लागलो, तेव्हा मला आमचं घरच भेटल्यासारखं झालं. जॉर्ज ओहम कुलुपं करणाऱ्याचा मुलगा. बापाकडून हातकाम शिकलेला, कोलोनच्या एका शाळेत शिक्षक. स्वतःची उपकरणं स्वतः बनवून, वेगवेगळ्या लांबीच्या तारा एकामागून एक जोडून त्यानं १८२७मध्ये नियम मांडला. तार दुप्पट लांब केली की रोध दुप्पट. आडवा छेद दुप्पट केला की रोध निम्मा. माझ्या तोळाभर सोन्याच्या हिशेबात जाडी निम्मी केली की लांबी चौपट आणि छेद पाव, म्हणजे रोध सोळापट. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या तारेचा मीटरला सुमारे पावणेतीन ओहम.

रोध येतो कुठून? वर्गात आम्ही सांगायचो की धातूमधून इलेक्ट्रॉन धावतात आणि अशुद्धी, दोष, थरथरणारे अणू यांच्यावर आपटतात. जितकी वाट लांब तितके धक्के जास्त. म्हणजे रोध तारेच्या अंगभर पसरलेला असतो. हे चित्र खोटं नाही. घरातल्या वायरला, रुळांवरच्या तारांना ते पुरतं. पण एक प्रश्न त्यात बसत नाही. तार इतकी शुद्ध आणि इतकी आखूड केली की इलेक्ट्रॉन एकदाही न आपटता पलीकडे जाईल, तर रोध शून्य होईल का?

होत नाही. आणि उत्तराची वाट नानांच्या वाक्यातून जाते. आय.बी.एम.मध्ये काम करणाऱ्या रॉल्फ लँडाउअर यांनी १९५७मध्ये प्रश्नच फिरवला. इलेक्ट्रॉन किती वेळा आपटतो हे मोजण्यापेक्षा, आलेल्यांपैकी किती पलीकडे पोचतात ते मोजा. १९८०च्या दशकात योसेफ इम्री आणि मार्कुस ब्यूटिकर यांनी आणि इतरांनी या विचाराला धार लावली, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. रुंद धातूला अरुंद, निर्दोष वाट जोडली तर त्या वाटेच्या आत रोध नाही. रोध तोंडाशी आहे, जिथं रुंद अरुंदाला मिळतं तिथं.

हे मुलांना सांगताना मी वडिलांच्या जिनिंगचं फाटक सांगायचो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या यायच्या. बाहेर रस्त्यावर पन्नास-पन्नास बैलगाड्या, आत मोकळं मैदान, आणि मधे फाटक एका गाडीच्या रुंदीचं. आतली वाट कितीही लांब असो, खोळंबा फाटकाशीच. आणि फाटक अर्ध्या गाडीनं रुंद केलं तर काही उपयोग नाही, दीड गाडी शिरत नाही. पुरती दुसरी गाडी मावेल एवढं रुंद झालं की मग एकदम दोन रांगा.

इलेक्ट्रॉनची 'गाडी' म्हणजे त्याची अर्धी तरंगलांबी. एकतारीच्या तारेवर जशा पूर्ण अर्ध्या लाटाच बसतात, अधल्यामधल्या टिकत नाहीत, तसंच अरुंद वाटेच्या रुंदीत. रुंदी अर्ध्या तरंगलांबीनं वाढली की एक नवी रांग उघडते. प्रत्येक रांगेची वाहकता, म्हणजे रोधाचा व्यस्त, ठरलेली: इलेक्ट्रॉनच्या भाराचा वर्ग गुणिले दोन, भागिले प्लांकचा स्थिरांक. गुणिले दोन एवढ्यासाठी की इलेक्ट्रॉनला फिरकीच्या दोन अवस्था असतात. रोधाच्या भाषेत एका रांगेला १२,९०६ ओहम. यात धातूचं नाव नाही, लांबी नाही, जाडी नाही. मीटरला पावणेतीन ओहमच्या तारेपासून आपण इथं आलो आणि सोनं, तांबं, चांदी हा भेद गळून पडला.

सिद्धता १९८८मध्ये मिळाली, एकाच वर्षी दोन ठिकाणी. नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट विद्यापीठ आणि फिलिप्सच्या प्रयोगशाळेतले बार्ट व्हान वेस आणि त्यांचे सहकारी, आणि केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत मायकेल पेपर यांच्या गटातले डेव्हिड व्हारम आणि सहकारी. गॅलियम आर्सेनाइडच्या थरांमधे इलेक्ट्रॉनचा एक पातळ पडदा तयार होतो. त्यावर धातूच्या दोन पट्ट्या, मधे पाव मायक्रॉनच्या आसपासची फट. पट्ट्यांना ऋण दाब दिला की खालचे इलेक्ट्रॉन बाजूला सरतात आणि फटीखालची वाट आवळत जाते. ही त्यांची जंतरपट्टी, फक्त भोक ओढताओढता लहान करता येणारी. निरपेक्ष शून्याच्या अंशभर जवळ नेऊन डेल्फ्टच्या गटानं वाट आवळत नेली, तेव्हा वाहकता उतारासारखी घसरली नाही, जिन्यासारखी उतरली. सोळा पायऱ्या मोजता आल्या. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच आमच्या बोदवडवरून जाणाऱ्या भुसावळ-नागपूर मार्गावर विजेची इंजिनं धावू लागली. पंचवीस हजार व्होल्टची ती तार बघायला मी मुलांना स्टेशनवर घेऊन गेलो होतो. त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला माणसं एकेक रांग मोजत होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मला ते कळलं वाचनातून, आणि ज्यानं माझी झोप उडवली तो प्रयोग १९९५चा. स्पेनमधल्या कोस्टा-क्रामर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की यासाठी गॅलियम आर्सेनाइड नको, महाग थंडावा नको. धातूच्या दोन साध्या तारा एकमेकींना हलक्या टेकवायच्या आणि टेबलावर टिचकी मारायची. तारा सुटताना मधे धातूची मान ताणली जाते, बारीक होते, शेवटी एका अणूची होते आणि तुटते. धातूमध्ये इलेक्ट्रॉनची तरंगलांबी अणूच्याच मापाची, अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास असते. म्हणून पायऱ्या इतक्या ठळक असतात की खोलीच्या तापमानातही पुसल्या जात नाहीत.

सोन्याच्या दोन तारा, ताण, तुटणं. मी पेटी उघडली.

२०१२ साल, निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. जळगावच्या सराफ बाजारातून चोवीस कॅरेटचं एक ग्रॅम सोनं आणलं. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. तिथल्या कारागिरानं मला विचारलं, एवढ्याशा सोन्याचं काय घडवणार? मी म्हणालो, तार. नानांच्या पट्टीतून मी स्वतः ओढली. हाताला सवय नव्हती. दोनदा तुटली, दोन्ही वेळा भोकाच्या तोंडाशी.

मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, एक जुना डिजिटल ऑसिलोस्कोप आणला. मुख्य विजेची गुणगुण येऊ नये म्हणून सगळं नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर. तारांवर पन्नास मिलिव्होल्ट. प्रवाह मोजायला एक ऑप-अँप आणि त्याला एक लाख ओहमचा रोध. हिशेब फळ्यावर मांडला: एका रांगेला सुमारे ३.९ मायक्रोअँपिअर, म्हणजे पडद्यावर ०.३९ व्होल्टची पायरी. एक तार लोखंडी करवतीच्या पात्यावर चिकटवली, दुसरी तिच्यावर आडवी. तुटण्याचा शेवटचा क्षण मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणून ऑसिलोस्कोपला सांगून ठेवायचं की प्रवाह पडायला लागला की तेवढं चित्र धरून ठेव.

पहिला दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशीही नुसते कडे कोसळल्यासारखे उतार. तिसऱ्या दिवशी दुपारी वर्गातल्या एका मुलीनं टेबलावर बोटाच्या पेरानं अगदी हलकं टकटक केलं आणि पडद्यावर रेघ खाली येता येता थांबली. सपाट झाली. मग खाली गेली. मी पट्टी लावून मोजलं. सपाट रेघ शून्याच्या वर ०.३९ व्होल्टच्या अगदी जवळ होती. खोलीत कुणी बोललं नाही. मुलांनी पुढं आठवडाभर टकटक केली आणि प्रत्येक चित्राच्या पायऱ्या आलेखाच्या कागदावर टिंबांनी मांडल्या. प्रत्येक चित्रात पायरी नव्हती, काही वेड्यावाकड्या होत्या. पण टिंबांची सगळ्यात दाट गर्दी एका रांगेएवढ्या वाहकतेवर होती. दुसरी गर्दी दोनच्या थोडी खाली. एक अणू, एक रांग. हे बोदवडच्या प्रयोगशाळेत, कपाशीच्या मोसमात, मुलांनी स्वतः मोजलं.

त्या अणूच्या मानेचं छायाचित्रही जगानं पाहिलं आहे. १९९८च्या ऑक्टोबरमध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. तोकियोत ताकायानागी यांच्या गटानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सोन्याच्या अणूंची रांग पाहतापाहता तिची वाहकता मोजली. लायडेनमध्ये व्हान रुइटेनबेक यांच्या गटानं एका अणूमागे दुसरा असा सोन्याचा साखळदंडच ओढून काढला. आणि साखळी लांबली तरी वाहकता एका रांगेएवढीच राहिली. ओहमनं सांगितलेलं लांबीचं गणित इथं थांबतं. ही जगातली सगळ्यात बारीक सोन्याची तार. तिच्यापेक्षा बारीक तार निघूच शकत नाही, कारण अणूच्या खाली सोनं उरत नाही. नानांनी विचारलं होतं, आणि त्याच्याहून बारीक? त्यांना द्यायचं उत्तर मला सापडलं, तेव्हा ते नव्हते.

पुढं २०१९ साली, २० मेपासून, जगानं इलेक्ट्रॉनचा भार आणि प्लांकचा स्थिरांक यांच्या किमती कायमच्या ठरवून टाकल्या. त्याचा पाया क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी १९८०मध्ये घातला होता. चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनच्या पातळ पडद्यात त्यांना रोधाच्या अशाच अचूक पायऱ्या दिसल्या, २५,८१२.८०७ ओहमला पूर्णांकांनी भागून येणाऱ्या. हा आकडा आमच्या एका रांगेच्या रोधाच्या बरोबर दुप्पट. आज देशोदेशींच्या मापनसंस्था ओहम याच आकड्यावरून घेतात. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा त्यांतली एक. शंभर वर्षांपूर्वी ओहमचं माप ठरावीक लांबीच्या पाऱ्याच्या स्तंभावरून घेत. म्हणजे कुणीतरी पारा तोलायचा, नळी घासायची. सोनारानं गुंजा तोलाव्यात तसं. आता तोलणं संपलं, मोजणं आलं.

मला यातून जे म्हणायचं आहे ते एवढंच. वस्तू बारीक करत जाणं हा माणसाचा फार जुना ध्यास आहे. बऱ्हाणपूरच्या तारकसानं तो दागिन्यासाठी आणि पदरासाठी केला, डेल्फ्टच्या माणसांनी समजून घेण्यासाठी. दोघांनाही कळीची गोष्ट सापडली ती तोंडाशी, जिथं रुंद अरुंदात शिरतं. नानांच्या भोकाशी धातू फाटत होता, लँडाउअरच्या तोंडाशी लाटा अडत होत्या. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी मुलांना नेहमी बजावलं. पण कुठं पाहायचं हे दोघांनाही ठाऊक होतं. हातानं काम करणाऱ्याचं ज्ञान पुस्तकात आलं नाही म्हणून ते कमी पडत नाही. आमच्या घरातलं ते ज्ञान १९६३मध्ये एका पेटीत बंद झालं. अशा किती पेट्या खानदेशात अजून तेलाच्या फडक्यात असतील, याची मला रुखरुख आहे. ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती हत्यारं भंगारात घालू नयेत. शाळेत न्यावीत, मुलांच्या हातात द्यावीत.

सोनाराच्या दुकानाबाहेरची धूळ झारेकरी धुवून नेत, कारण कानशीखालचा कणही सोन्याचा असतो. प्रयोग संपल्यावर मीही त्या दोन तारा काढल्या आणि नानांच्या काट्यावर, त्यांच्याच गुंजा टाकून, तोलल्या. हजारदा तरी त्या तुटल्या असतील. काटा जागचा हलला नाही.